माल्टांतील प्रपंचाचा जमाखर्च

नृसिंहवाडीस कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर जन्म गेल्यामुळें पाणी ही खर्चाची बाब आम्हांस कधीं वाटली नव्हती. नातू नोकरीसाठीं माल्टा देशीं निघाला आणि शेत गहाण टाकण्याची गोष्ट निघाली, तेव्हां आम्ही हिशेब मांडावयास बसलों. तेथें बारमाही नदी नाहीं. निम्म्याहून अधिक पाणी समुद्राचें क्षार काढून मिळवितात. धान्य बहुतेक परदेशचें. चलन २००८ पासून युरो. रहिवाशांच्या वैयक्तिक कार्डावर २०२२ पासून बसभाडें पडत नाहीं, एवढाच दिलासा. खरा भार घरभाड्याचा! लेखी भाडेकरार व त्याची सरकारांत नोंद २०२० पासून आवश्यक आहे. तो हातीं पडल्यावांचून अनामत देऊं नये. वाचकहो, पगार रुपयांत गुणून हुरळूं नये. खर्चहि त्याच पटीनें गुणावा. शिल्लक दिसेल तरच शेतास हात लावावा.