गलबत मोडताना काय विकले जाते?

जहाज बांधणे ही कला आहे, हे सर्वांना मान्य असते. जहाज मोडणे हाही एक व्यवसाय आहे आणि त्यालाही शिस्त असते, याकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष जात नाही. शिडाच्या जहाजांच्या काळात हा व्यवसाय चांगला भरभराटीला आला होता. म्हातारी युद्धनौका आधी तुरुंग, कोठार किंवा शिकाऊ खलाशांची शाळा म्हणून बंदरात उभी राही आणि अखेर लिलावात निघे. बोली लावणारा व्यापारी तिच्यात तांबे किती, लोखंड किती आणि धड लाकूड किती, एवढाच हिशेब करी. व्यापारी म्हणून त्याचे गणित बरोबरच होते. परंतु त्यातून एक मोठी रक्कम नेहमी वगळली जाई. ती कोणती, याचा विचार आजही अगत्याचा आहे.

ट्रफाल्गरच्या १८०५ च्या लढाईत गाजलेले 'टेमेरेर' हे ९८ तोफांचे जहाज १८३८ साली जॉन बीटसन या व्यापाऱ्याने ५,५३० पौंडांना घेतले आणि लंडनजवळ रॉदरहाइथ येथे मोडले. त्याची अखेरची यात्रा टर्नर या चित्रकाराने अजरामर केली. चित्रात डोलकाठ्या दिमाखाने उभ्या आहेत. प्रत्यक्षात त्या विक्रीपूर्वीच उतरविल्या गेल्या होत्या. जहाजाच्या तळावरचे तांब्याचे पत्रे तर बीटसनने पुन्हा नौदलालाच विकले!

मोडणीचा क्रम

मोडणीचा क्रम बांधणीच्या नेमका उलट असतो. प्रथम शिडे आणि दोरखंड उतरतात, मग परबाणे आणि डोलकाठ्या. त्यानंतर वरच्या तक्तपोशीच्या फळ्या निघतात. भरतीच्या वेळी जहाज किनाऱ्यावर ओढून ठेवले, की ओहोटीला त्याचा तळ उघडा पडतो आणि पत्रे सोलता येतात. पुढे बाहेरच्या फळ्या, मग आतल्या फासळ्या आणि सर्वांत शेवटी पठाण, म्हणजे तळाचा कणा. बांधताना जो प्रथम घातला जातो, तोच मोडताना शेवटी उरतो. या मालाला गिऱ्हाईकही ठरलेले असे. तांबे ओतशाळेत जाई, उत्तम लाकूड घरबांधणीला किंवा सामानाला, आणि किडलेले जळणाला. लंडनमधील मिलबँकच्या कॅसल कंपनीने तर जुन्या युद्धनौकांच्या सागवानाची बागेतील बाके विकून नाव मिळविले होते.

या सागवानाचा संबंध मुंबईशी पोहोचतो. ओक लाकडातील आम्लाने लोखंडी खिळे गंजतात, तर सागातील तेल त्यांना जपते. त्यामुळे मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याच्या देखरेखीखाली बांधलेली सागवानी जहाजे मोडणाऱ्यांच्या हाती फार उशिरा लागली. १८१३ चे 'कॉर्नवॉलिस' १९५७ पर्यंत टिकले. चीनवर लादलेल्या १८४२ च्या नानकिंग तहावर सह्या झाल्या त्या याच जहाजावर. १८२१ चे 'गँजेस' १९३० मध्ये प्लिमथ येथे मोडले गेले आणि त्याच्या कप्तानाची खोली डेव्हनमधील बर्ग बेटावरच्या हॉटेलात बसविण्यात आली. मुंबईच्या सुतारांनी घडविलेल्या त्या खोलीत प्रवासी आता मौजेने बसतात.

स्मरणचिन्हांचा बाजार

सुटे भाग विकून जहाजाची स्मृती टिकते काय? 'फुद्रोयां' या जहाजाची कथा या दृष्टीने बोलकी आहे. नेल्सनचे निशाण काही काळ मिरविणारे हे जहाज १८९२ मध्ये भंगारात निघाले आणि जर्मन व्यापाऱ्यांच्या हाती गेले. इंग्लंडमध्ये गहजब उडाला. कॉनन डॉइलने निषेधाची कविता लिहिली. व्हीटली कॉब नावाच्या धनिकाने ते परत विकत घेऊन पदरमोड करून दुरुस्त केले आणि खर्च भरून निघावा म्हणून गावोगावच्या किनाऱ्यांवर प्रदर्शनाला मांडले. १८९७ च्या जूनमध्ये ब्लॅकपूल येथे वादळाने ते किनाऱ्यावर आपटले. माणसाने सोडलेले समुद्राने मोडले. मग त्याच्या तांब्याची पदके आणि लाकडाचे सामान करून विकण्यात आले.

यानंतर कॉबने जे केले ते अधिक मोलाचे. मुंबईत जमशेटजी बोमनजी वाडिया यांनी बांधलेले, १८१७ मध्ये पाण्यात उतरलेले 'त्रिंकोमाली' त्या वेळी मोडणाऱ्याच्या दारात उभे होते. ते त्याने घेतले, त्याला 'फुद्रोयां' हेच नाव दिले आणि त्यावर मुलांची शाळा भरविली. ती १९८६ पर्यंत चालली. पुढे हार्टलपूल येथे त्याचा जीर्णोद्धार झाला, मूळ नाव परत मिळाले आणि आज ते तेथे पाण्यावर उभे आहे. पहिल्या 'फुद्रोयां'ची पदके संग्राहकांच्या कपाटांत आहेत. त्यांवरून कोणाला जहाज बांधता येणार नाही. 'त्रिंकोमाली'त मात्र दोन फळ्यांचा सांधा मुंबईच्या कारागिराने कसा जुळविला, हे आजही पाहता येते.

हिशेबातून वगळली जाणारी रक्कम ती हीच. लाकूड, तांबे, खिळे यांना भाव असतो. ते एकत्र कसे आले या ज्ञानाला बाजारात भाव नसतो. भाग सुटे झाले, की ते ज्ञान कोणाच्याच मालकीचे राहत नाही.

प्रत्येक जुने जहाज जपून ठेवावे, असा याचा अर्थ कोणी काढू नये. ते कोणत्याही देशाला परवडणारे नाही. ट्रफाल्गर पाहिलेले 'इम्प्लॅकेबल' सांभाळणे अशक्य झाले म्हणून ब्रिटनने १९४९ मध्ये खाडीत नेऊन बुडविले आणि त्याच्या नाळेवरील पुतळा व मागील सज्जा तेवढ्या ग्रिनिचच्या संग्रहालयासाठी राखल्या. भारताच्या 'विक्रांत'ची गतही निराळी झाली नाही. १९९७ मध्ये निवृत्त झालेली ही नौका काही वर्षे मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती. २०१४ मध्ये ती लिलावात विकली गेली आणि मुंबईच्या दारूखान्यात तिची मोडणी सुरू झाली. तिचे पोलाद २०१६ मध्ये मोटारसायकलींतही आले. परंतु पोलादी नौकेचे नकाशे सरकारी दप्तरात असतात. लाकडी गलबताचे दप्तर म्हणजे ते गलबतच.

मापे घेऊन मोडणे

कोकणात या प्रश्नाचे गांभीर्य अधिक आहे. कौले, मीठ, भात आणि नारळ वाहणारी शिडाची गलबते केव्हाच इतिहासजमा झाली. मासेमारीतल्या लाकडी होड्यांची जागाही फायबरच्या होड्या घेत आहेत. जुना मिस्त्री कागदावर नकाशा काढून बांधणी करीत नसे. लांबी-रुंदीचे प्रमाण, फासळीचा बाक, फळीला द्यावयाचा उतार हे सारे त्याच्या नजरेत आणि हातात होते. मालकाने निरुपयोगी होडी मोडून लाकूड विकले तर त्याला दोष देता येणार नाही. त्याचे पोट त्यावर आहे. मात्र मोडण्यापूर्वी चार दिवस कोणी टेप आणि वही घेऊन तेथे गेले, प्रत्येक भागाचे माप घेतले, तो कोणत्या क्रमाने निघाला हे टिपले आणि खलाशी त्याला कोणत्या नावाने ओळखतो हे विचारून लिहून ठेवले, तर मालकाचे एका पैचेही नुकसान होत नाही. ब्रिटनमध्ये या विषयावर स्वतंत्र मार्गदर्शिका प्रसिद्ध झाली आहे. कोकणातील महाविद्यालयांना हे काम सहज करता येईल.

न केल्यास काय होते, याचे उदाहरण अगदी ताजे आहे. खिळ्यांऐवजी काथ्याच्या दोरीने फळ्या शिवलेले 'कौंडिण्य' हे शिडाचे जहाज गोव्यात बांधले गेले आणि मे २०२५ मध्ये कारवार येथे नौदलात दाखल झाले. त्या जातीच्या प्राचीन जहाजाचा नकाशा उपलब्ध नव्हता. आधार होता तो अजिंठ्याच्या भिंतीवरील पाचव्या शतकातील एका चित्राचा. त्यावरून अंदाज बांधावे लागले, मद्रासच्या आयआयटीत प्रतिकृतीच्या चाचण्या घ्याव्या लागल्या आणि केरळच्या कारागिरांच्या हातांत उरलेल्या शिवणविद्येवर विसंबावे लागले. त्या काळी जहाज बांधणारे हात हजारो होते; टिकले ते एका चित्रकाराच्या हातचे. आज कोकणच्या खाडीत मोडल्या जाणाऱ्या होडीसाठी चित्रकाराची वाट पाहण्याचे कारण नाही. वही, पेन्सिल आणि फूटपट्टी प्रत्येक शाळेत आहे.