वाऱ्यावर न सोडलेली वीज

विजेच्या जाळ्यात मागणी आणि पुरवठा यांचा मेळ क्षणोक्षणी बसावा लागतो. तो बिघडला की आधी हलते ती वारंवारिता. भारतात आणि ऑस्ट्रेलियात ती ५० हर्ट्झ असते. भार अचानक वाढला की जनित्रे मंदावतात आणि वारंवारिता उतरते. भार घटला की ती चढते. मोठ्या जाळ्यात शेकडो अवजड जनित्रे एका तालात फिरत असतात आणि त्यांचे जडत्व हा धक्का पचवते. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर वाहिनीने दक्षिणेचे जाळे उर्वरित भारताशी जोडले गेले, तेव्हापासून एखादा संच बंद पडला तरी त्याची झळ देशभर वाटली जाते. एखाद्या गावापुरत्या किंवा बेटापुरत्या मायक्रोग्रिडला ही चैन नाही. त्यातून वीज सौर पॅनेलची असेल तर फिरणारे असे काहीच नसते. पॅनेल इन्व्हर्टरमार्फत जोडलेले असते आणि साधा इन्व्हर्टर जाळ्याचा आयता ताल पकडून चालतो. ताल देणाराच नसेल तर तो थांबतो.

ऑस्ट्रेलियाची मुख्य भूमी आणि टास्मानिया यांच्यामधील किंग आयलंडवर हा पेच सोडवण्याची रीत पाहण्याजोगी आहे. चीज आणि गोमांसासाठी नावाजलेल्या या बेटाला बाहेरून तार येत नाही. पूर्वी सारी भिस्त डिझेलवर होती. १९९८ आणि २००३ साली उभ्या राहिलेल्या पवनचक्क्यांची क्षमता मिळून २.४५ मेगावॅट झाली, म्हणजे जोराच्या वाऱ्यात बेटाची गरज भागवण्याइतकी. तरीही डिझेल संच बंद करता येत नव्हते, कारण ताल तेच देत होते. वीज पुरेशी असणे आणि ती स्थिर असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे इथे स्पष्ट दिसते.

तोडगा तीन भागांचा निघाला. पहिला, जड चाक जोडलेले जनित्र: त्याचे डिझेल इंजिन क्लचने सुटे करता येते, इंजिन बंद असतानाही जनित्र फिरत राहते आणि जडत्व पुरवते. व्होल्टेज सावरायला लागणारी रिअ‍ॅक्टिव्ह शक्तीही तेच देते. वारा एकदम पडला, तर चाकातील ऊर्जा इंजिन सुरू होईपर्यंतचे काही सेकंद निभावून नेते. दुसरा भाग म्हणजे दीड मेगावॅटचा रोधक. तो जादा वीज चक्क जाळतो. ही उधळपट्टी वाटते. पण वारा घटताच जाळणे कमी केले की तेवढीच वीज निमिषात बेटाला मिळते. राखीव साठा ठेवण्याची ही स्वस्त युक्ती आहे. तिसरा भाग बॅटरीचा. ती मिनिटांचा हिशेब सांभाळते. २०१३ मध्ये बेट प्रथमच सर्व डिझेल इंजिने बंद ठेवून चालले.

आता चाकाचे काम इन्व्हर्टरकडूनही करून घेता येते. जाळे घडवणारा इन्व्हर्टर स्वतः व्होल्टेज आणि वारंवारिता ठरवतो. असे अनेक इन्व्हर्टर एकत्र चालवायचे, तर प्रत्येकाने आपल्यावरचा भार वाढेल तशी वारंवारिता किंचित उतरू द्यायची, असा नियम घालतात. मग परस्परांत संदेशांची देवाणघेवाण न होताही भार ज्याच्या त्याच्या क्षमतेप्रमाणे वाटला जातो. उतरलेली वारंवारिता पुन्हा ५० वर आणण्याचे काम मध्यवर्ती नियंत्रक सावकाश करतो. एक उणीव मात्र राहते. शॉर्टसर्किट झाल्यास फिरते जनित्र नेहमीच्या कितीतरी पट प्रवाह देते आणि फ्यूज उडतो. इन्व्हर्टर नेहमीपेक्षा थोडाच जास्त देतो आणि दोष ध्यानातच येत नाही. म्हणून संरक्षणाची मांडणी नव्याने करावी लागते.

ताल सांभाळणारी ही यंत्रणा कच्ची राहिली तर काय होते, हे १३ ऑक्टोबर २०१९ रोजी ऑस्ट्रेलियातील अ‍ॅलिस स्प्रिंग्जमध्ये दिसले. ढग आले, छतांवरची सौर वीज घटली, तिचा भार वायूवर चालणाऱ्या संचांवर आला, त्या ओझ्याने ते बंद पडले आणि गाव कित्येक तास अंधारात गेले. तिथे बॅटरी नव्हती असे नाही. ती होती, पण केवळ बॅटरी बसवून भागत नाही. कोणत्या क्षणी कोणी पुढे यायचे, हे आधी ठरलेले असावे लागते.