रेल्वेच्या देखाव्यातील माणसे

रेल्वे कंपनीचे नुसते रूळ टाकून भागत नाही. त्यावर पैसा लावणारा धनिक आणि तिकीट काढणारा उतारू, दोघेही मिळवावे लागतात. अमेरिकेत सेंट्रल पॅसिफिक कंपनी कॅलिफोर्नियातून सिएरा नेव्हाडा पर्वत ओलांडू लागली, तेव्हा तिने या कामी एक छायाचित्रकार जोडला. त्याचे नाव आल्फ्रेड हार्ट. १८६४ ते १८६९ या काळात त्याने मार्गाची ३६४ दुहेरी चित्रे तयार केली. एकाच दृश्याची दोन चित्रे शेजारी चिकटवलेले कार्ड दोन भिंगांच्या यंत्रात धरले की दरी खोल दिसते आणि कडा अंगावर येतो. घरात बसलेल्या गृहस्थाला प्रवासाची हाव सुटावी, अशीच ही युक्ती!

काम मात्र जिकिरीचे होते. काचेवर कलोडियनचा थर द्यायचा, ती चांदीच्या क्षाराच्या पाण्यात बुडवायची, आणि ओली आहे तोच चित्र घेऊन धुवायची. म्हणजे डोंगरात अंधारखोलीही बरोबर न्यायची. हलणारा माणूस पुसट उमटे, त्यामुळे घण मारतानाचा माणूस चित्रात सापडणे कठीणच.

आम्ही कामगार चळवळीतली माणसे. अशा चित्रांत आम्ही आधी हात शोधतो. ब्लूमर कट या खोदाईच्या चित्राखाली ६३ फूट उंची छापली आहे. खोदणाऱ्याची मजुरी नाही. कित्येक चित्रांत माणूस आहे तो कड्याची उंची कळावी एवढ्यापुरता.

शिखरावरचा १,६५९ फुटांचा बोगदा प्रामुख्याने चिनी मजुरांनी कठीण खडकात घण, पहार आणि सुरुंगाने खोदला. जून १८६७ मध्ये या मजुरांपैकी काही हजारांनी काम थांबवले. गोऱ्यांइतकी मजुरी आणि कामाचे कमी तास, एवढीच त्यांची मागणी. कंपनीने त्यांची रसद तोडली आणि आठवडाभरात संप मोडला. हार्टच्या एका चित्रात आठव्या बोगद्याच्या तोंडाशी कावड खांद्यावर घेतलेला चिनी चहावाला दिसतो. आमच्या मते सबंध संचात तेच चित्र मोलाचे.

हार्टने १८७० साली प्रवाशांसाठी 'द ट्रॅव्हलर्स ओन बुक' हे सचित्र पुस्तक काढले. पण त्याच्या काचा तोवर कार्लटन वॉटकिन्स या नामांकित छायाचित्रकाराकडे गेल्या होत्या, आणि तीच चित्रे पुढे वॉटकिन्सच्या नावाने विकली गेली.