दाढेचा ठणका थांबला म्हणजे रोग गेला काय?

शेतकी मासिकांत दांतांचा विषय पाहून कित्येक वाचकांस नवल वाटेल. प्रस्तुत लेखक वैद्य नव्हे कीं डॉक्टर नव्हे. महसूल खात्यांत कारकुनी करून निवृत्त झालेला एक साधा गृहस्थ आहे. परंतु ज्या गैरसमजामुळें आमच्या घरचा कर्ता पुरुष हातचा जातां जातां वांचला, तो गैरसमज बहुतेक खातेदार बंधूंच्या घरीं अद्याप नांदत आहे, असें मी पाहतों. म्हणून पुढील मजकूर माहीतगार डॉक्टरांस विचारून व वाचून लिहिला आहे.

इसवी सन २०२२ च्या मृगांत, ऐन पेरणीच्या वेळीं, आमच्या थोरल्या बंधूंची डावीकडील खालची दाढ ठणकूं लागली. रात्रीं आडवें झालें कीं ठणका वाढे; गरम चहाचा घोट लागतांच कळ मस्तकांत जाई; गार पाण्याची चूळ तोंडांत धरली म्हणजे घटकाभर बरें वाटे. पेरणी टाकून तालुक्यास कोण जातो! लवंगेचें तेल झालें, दुकानांतील गोळ्या झाल्या. दहा-बारा दिवसांनीं ठणका आपोआप थांबला. "थांबलें ना दादा? मग आतां डॉक्टर कशाला?" असें त्यांस मीच म्हटलें, हें येथें कबूल केलें पाहिजे.

पुढें दिवाळीच्या सुमारास सोयाबीनची काढणी चालू असतां एके संध्याकाळीं त्यांच्या जबड्याखालीं सूज आली. पहांटेपर्यंत ती हनुवटीखालून दुसऱ्या बाजूस पसरली, तोंड बोटभरहि उघडेना, जीभ वर उचलली गेली आणि थुंकीसुद्धां गिळवेना. शेजाऱ्यांच्या जीपगाडींतून त्यांस जिल्ह्याच्या रुग्णालयांत नेलें. तेथें डॉक्टरांनीं आधीं श्वासाची वाट सांभाळली. मग हनुवटीखालीं चिरा देऊन पू काढला, शिरेवाटे औषधें चालू केलीं व ती दाढ काढून टाकली. अकरा दिवस आम्ही तेथें होतों. कापलेलें सोयाबीन शेतांतच भिजलें, पण त्याची आठवणहि कोणास झाली नाहीं. "पूर्वीं ही दाढ दुखली होती काय?" असें डॉक्टरांनीं विचारलें, तेव्हां बंधूंनीं नुसतें माझ्याकडे पाहिलें.

दांताची घडण समजून घेतली म्हणजे यांतील मर्म ध्यानीं येतें. दांताचें वरचें पांढरें कवच हा मानवी शरीरांतील सर्वांत कठीण पदार्थ होय. त्याखालीं कांहींसा मऊ, पिवळसर थर असतो. आणि त्याच्याहि आंत एक पोकळी असून तींत रक्तवाहिन्या व मज्जातंतू यांनीं भरलेला जिवंत गर असतो. हा गर मुळांतील बारीक नळ्यांतून खालीं जातो व मुळाच्या टोंकाशीं असलेल्या सूक्ष्म छिद्रांतून जबड्याशीं संबंध ठेवतो. या नळ्यांसच इंग्रजींत रूट कॅनाल म्हणतात. पुढच्या दांतास बहुधा एकच नळी. खालच्या पहिल्या दाढेस मुळें दोन पण नळ्या बहुधा तीन. वरच्या पहिल्या दाढेस मुळें तीन व नळ्या पुष्कळदां चार.

तोंडांतील जंतू साखर-गुळावर पोसतात व आम्ल तयार करतात. तें आम्ल कवच विरघळवितें. (गुऱ्हाळावर दिवसभर थोडाथोडा गूळ तोंडांत टाकणें हें एकदां पोटभर गोड खाण्यापेक्षां दांतांस अधिक घातक असतें.) जंतू गरापर्यंत पोंचले कीं गर सुजतो. अंगावर इतरत्र सूज आली तर कातडी ताणते व सुजेस जागा मिळते. दांतांत मात्र चहूंकडे दगडासारख्या भिंती. म्हणून आंत दाब वाढतो आणि ठणका लागतो. शेवटीं या कोंडमाऱ्यांत रक्ताचा पुरवठा तुटून गर मरतो. गर मेला कीं त्यांतील मज्जातंतूहि मेला, आणि आंतील कळ सांगणारा कोणी उरला नाहीं. यालाच आपण 'दाढ बरी झाली' असें म्हणतों! आमच्या खात्याच्या भाषेंत बोलावयाचें तर मागणीची नोटीस येणें तेवढें बंद झालें. थकबाकी वाढतच आहे.

मेलेला गर नळ्यांतच कुजतो, आणि जंतू मुळाच्या टोंकाबाहेर पडून हाडांत पुवाची पोकळी करतात. कधीं हिरडीवर पुळी येऊन पू वाहतो व दुखणें निवांत राहतें. कधीं गालावर अगर हनुवटीवर न भरणारें गळूं होतें, आणि माणूस मलमें लावीत बसतो. वरच्या दाढांचा पू नाकालगतच्या हाडाच्या पोकळींत उतरतो. खालच्या मागील दाढांचीं मुळें जबड्याच्या आंतल्या बाजूस, जिभेखालच्या स्नायूच्याहि खालपर्यंत पोंचलेलीं असतात. म्हणून त्यांचा पू मानेकडे लवकर उतरतो. बंधूंस जें झालें, त्याचें वर्णन जर्मनींतील लुडविग नामक वैद्यानें १८३६ सालीं करून ठेविलें असून त्याच्याच नांवानें तो रोग ओळखला जातो. प्रतिजैविकांपूर्वीं त्यांतून वांचणारे थोडे. सुधारलेल्या देशांतहि हा धोका संपलेला नाहीं: २००७ सालीं अमेरिकेंतील मेरीलँड राज्यांत एक बारा वर्षांचा मुलगा किडलेल्या दाढेचा पू मेंदूंत गेल्यामुळें, दोन शस्त्रक्रिया होऊनहि, दगावला. दाढ वेळींच काढली असती तर खर्च सुमारें ८० डॉलर आला असता.

मधुमेह असणारांस व ज्यांच्या हृदयाच्या झडपा बिघडलेल्या आहेत त्यांस हें दुखणें विशेष जड जातें. गाल अगर जबडा सुजून ताप येणें, तोंड न उघडणें, गिळतां न येणें, आवाज बदलणें, डोळ्याभोंवतीं सूज, श्वासास त्रास, यांपैकीं एकहि लक्षण दिसलें तर सकाळची वाट पाहूं नये. त्याच रात्रीं मोठें रुग्णालय गांठावें.

आतां गांवठी उपायांविषयीं. लवंगेच्या तेलानें कळ तात्पुरती बधिर होते, यापलीकडे कांहीं नाहीं. ॲस्पिरीनची गोळी हिरडीवर दाबून धरल्यास हिरडी भाजते; बिब्ब्याची गोष्ट तर बोलावयासच नको. जत्रेंत व बाजारांत रिंगणीच्या बियांची धुरी देऊन दांतांतील 'किडे' काढून दाखविणारे पुष्कळांनीं पाहिले असतील. युरोपांतहि खुरासानी ओव्याच्या बियांनीं हाच खेळ शेंकडों वर्षें चालला. रिंगणी त्याच कुळांतील आहे. तापलेलें बी फुटून आंतला वांकडा पांढरा अंकूर बाहेर पडे, तोच किडा म्हणून दाखवीत. रोज बीं हाताळणाऱ्या शेतकऱ्यानें तरी त्यास फसूं नये! दांतांत किडा नसतो, हें फोशार नामक फ्रेंच दंतवैद्यानें १७२८ सालच्या आपल्या ग्रंथांत लिहून ठेविलें आहे. खरे शत्रू डोळ्यांस न दिसणारे जंतू. १९६५ सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत उंदरांच्या दाढांना छिद्र पाडून गर उघडा ठेविला. साध्या उंदरांचा गर कुजला. जंतुविरहित जागेंत वाढविलेल्या उंदरांचा गर जगला व त्यावर नवा कठीण थर चढला.

प्रतिजैविक गोळ्यांनीं सूज उतरते हें खरें, आणि मोठ्या सुजेंत त्या लागतातहि. परंतु औषध रक्तावाटे पोंचतें, व मेलेल्या गरांत रक्तच नाहीं. तेव्हां मूळ आगर तसेंच राहतें. त्यास मार्ग दोनच: दाढ काढणें, अथवा नळ्या साफ करून ती राखणें.

दुसरा मार्ग म्हणजे रूट कॅनाल. प्रथम क्षकिरणांचें चित्र घेऊन मुळें पाहतात व सुई देऊन जागा बधिर करतात. दाढेभोंवतीं रबराचा पातळ पडदा बसवितात, म्हणजे थुंकी आंत जात नाहीं. ही युक्ति १८६४ सालापासूनची आहे. वरून लहान छिद्र पाडून, केसासारख्या बारीक कानशींनीं नळ्या टोंकापर्यंत खरडतात व औषधी पाण्यानें वारंवार धुतात. हें पाणी आपल्या विहिरींत टाकावयाच्या ब्लीचिंग पावडरीच्याच जातीचें असतें. जरूर पडल्यास कांहीं दिवस आंत औषध भरून ठेवतात. तें म्हणजे शुद्ध केलेला विरलेला चुनाच होय. शेवटीं नळ्या गटापर्चानें भरून बंद करतात. गटापर्चा हा मलायाकडील एका झाडाचा चीक. पूर्वीं समुद्राखालून नेलेल्या तारांवर त्याचेंच वेष्टण असे. एक ते तीन खेपांत काम होतें. नीट केलें तर बहुसंख्य दाढा पुढें वर्षानुवर्षें टिकतात.

हा उपचार भयंकर दुखतो, ही समजूत चुकीची आहे. दुखतो तो रोग. क्वचित् फार सुजलेली दाढ चटकन् बधिर होत नाहीं. तेव्हां डॉक्टरांस तसें स्पष्ट सांगावें, ते आणखी सुई देतात. खर्च मात्र आहे. खासगी दवाखान्यांत कांहीं हजार रुपये लागतात. मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालयांत तो बराच कमी पडतो, पण खेपा व थांबणें अधिक. ज्यास तेंहि परवडत नाहीं, अथवा ज्याची दाढ हिरडीखालपर्यंत चिरलेली किंवा अगदीं हलत आहे, त्यानें ती काढून घ्यावी. त्यांत कमीपणा नाहीं. खालची दाढ काढल्यानें डोळे जातात हें खोटें आहे. कमीपणाचें काय तें कुजकी दाढ तशीच ठेवणें.

दवाखान्यांत गेल्यावर मधुमेह, हृदयविकार, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, यांची माहिती न लपवितां द्यावी. आणि कॅप टाळूं नये. नळ्या भरल्या कीं ठणका जातो व माणूस परत फिरकत नाहीं. पण पोखरलेली दाढ पुढें भाकरीच्या कडक कडेनें अगर हरभऱ्यानें उभी चिरते, आणि सर्व खर्च वायां जातो. थोरल्या बंधूंची उजवीकडील दाढ गेल्या माघांत ठणकूं लागली, तेव्हां तिसऱ्या दिवशीं आम्ही दोघे एस. टी. नें तालुक्यास गेलों. तीन खेपा लागल्या. कॅपसाठीं चौथी खेप होती; हळद शिजवावयाची आहे म्हणून ते टाळूं लागले, परंतु मीं त्यांस नेलेंच.