दिऑरच्या गादीवर एकवीस वर्षांचा मुलगा

इटलीतल्या मोंतेकातिनी या गरम झऱ्यांच्या गावी विश्रांतीला गेलेले पॅरिसचे फॅशन डिझायनर ख्रिस्तियाँ दिऑर २४ ऑक्टोबर १९५७ रोजी हृदयविकाराच्या झटक्यानं वारले. वय अवघं ५२. पुढचा फॅशन शो तीन महिन्यांवर आला होता. पॅरिसच्या उंची वस्त्रगृहांना वर्षातून दोनदा नवे कपडे दाखवावेच लागत. तारीख चुकली, की अमेरिकेहून आलेले खरेदीदार शेजारच्या दारात जात. कापडगिरण्यांचे मालक मार्सेल बुसाक यांच्या भांडवलावर उभ्या राहिलेल्या दिऑरच्या घरात हजाराहून अधिक माणसं कामाला होती. त्यांची चूल आता एका अशा माणसावर अवलंबून होती, ज्याचं नाव गिऱ्हाइकांना ठाऊकही नव्हतं.

त्याचं नाव ईव्ह सां लोराँ. जन्म अल्जेरियातल्या ओराँ शहरातला, वय २१. नोव्हेंबरमध्ये त्याची निवड जाहीर झाली आणि ३० जानेवारी १९५८ रोजी त्याचा पहिला शो पार पडला. दाद एवढी मिळाली, की खाली रस्त्यावर जमलेल्या गर्दीसाठी या लाजऱ्या, चष्मेवाल्या मुलाला बाल्कनीत येऊन उभं राहावं लागलं. फॅशनच्या इतिहासात हा प्रसंग चमत्कार म्हणून सांगितला जातो. मला तो चमत्कार वाटत नाही. तो एका शिवणघराच्या शिस्तीचा विजय वाटतो, आणि म्हणून जास्त मोलाचा वाटतो.

दिऑरच्या घरात पोशाख कसा तयार होई, ते पाहिलं की हे पटेल. दिऑर गावाकडच्या घरी जाऊन शेकडो रेखाचित्रं काढत. ती मार्गरीत कारे यांच्याकडे येत. त्या घरातल्या साऱ्या शिलाईच्या सर्वेसर्वा. कोणतं चित्र कोणत्या शिवणघराला द्यायचं, हे त्या ठरवत. कोणाचा हात कोट-जाकिटाच्या ताठ कापडावर बसलेला, कोणाचा रेशमाच्या पडत्या झोतावर. मग खऱ्या कापडाला कात्री लावण्याआधी मांजरपाटावर नमुना बेतला जाई. तो मॉडेलच्या अंगावर चढवायचा, टाचण्या लावायच्या, मुंढा सोडवायचा, खांदा अर्ध्या बोटानं आत घ्यायचा, उसवून पुन्हा धावदोरा घालायचा. नमुना मनासारखा उतरला, तरच त्याला कापड मिळे. चित्रातली रेघ अंगावर उभी राहते ती इथं, आणि ती उभी करणाऱ्या बायकांची नावं बाहेर कुणालाच कळत नाहीत.

सां लोराँ १९५५ मध्ये या घरात आला तो याच साखळीतला एक मदतनीस म्हणून. त्याची रेखाचित्रं फ्रेंच ‘व्होग’चे संपादक मिशेल द ब्रुनॉफ यांनी पाहिली होती. दिऑरच्या अजून बाहेर न आलेल्या कपड्यांशी त्यांचं साम्य पाहून ते चकित झाले आणि मुलाला दिऑरकडे घेऊन गेले. त्याच वर्षी रिचर्ड अ‍ॅव्हेडन यांनी सर्कशीतल्या हत्तींमध्ये डोव्हिमा या मॉडेलचं जगप्रसिद्ध छायाचित्र काढलं. त्यातला काळ्या मखमलीचा, पांढऱ्या पट्ट्याचा गाऊन सां लोराँच्याच हातचा, पण नाव अर्थातच दिऑरचं. दिऑरच्या शेवटच्या शोमध्येही त्याचे अनेक पोशाख होते.

म्हणजे जानेवारीतल्या त्या दिवशी कारागिरांना त्याची रेघ नवी नव्हती. स्टुडिओ सांभाळणाऱ्या रेमोंद झेनाकेर आणि टोप्या-दागिन्यांची जाण असलेल्या मित्झा ब्रिकार याही जागच्या जागी होत्या. निवड जाहीर झाली तेव्हाच जबाबदारी या जुन्या मंडळींमध्ये वाटून दिलेली होती.

तरी धाडस त्याचंच. दिऑरचं नाव झालं होतं ते १९४७ च्या ‘न्यू लूक’मुळे. आवळलेली कंबर आणि खाली भरघोस घेर, ही या घराची ओळख. सां लोराँनं कंबर सोडली. अरुंद खांद्यापासून गुडघ्यापर्यंत सरळ रुंदावत जाणारा झगा त्यानं आणला. तो ‘ट्रॅपीज’ म्हणून गाजला. असा झगा दिसायला सोपा, बेतायला कठीण. कमरेचा आधार नाही म्हटल्यावर सगळा तोल खांद्यावर येतो. तिथली बैठक जराशी चुकली, तरी घेर एका बाजूला कलतो. ही बैठक साधणारे हात दिऑरनी दहा वर्षांत घडवले होते, आणि नव्या मुलानं त्यांना जुनंच शिवायला लावलं नाही, हे मला फार मोठं वाटतं. गेलेल्या माणसाची नक्कल करणं त्या क्षणी सर्वांत सोयीचं होतं.

पुढे मात्र तो घराच्या गिऱ्हाइकांपेक्षा वेगानं पुढे गेला. १९६० च्या हिवाळी संग्रहात त्यानं पॅरिसच्या तळघरांतल्या जॅझ क्लबमधल्या तरुणांचा वेश, काळी चामडी जाकिटं आणि उंच गळ्याचे स्वेटर उंची कपड्यांत आणले. जुन्या गिऱ्हाइकांना ते रुचलं नाही. त्याच सुमारास त्याला सैन्यात बोलावणं आलं. अल्जेरियाचं युद्ध चालू होतं. काही आठवड्यांतच तो मनानं खचून लष्करी इस्पितळात दाखल झाला, आणि मागे त्याची जागा मार्क बोहाँ यांना देण्यात आली. एका खचलेल्या तरुणाशी घरानं केलेलं हे वर्तन अन्यायाचंच होतं. त्यानं करारभंगाचा दावा लावला, जिंकला आणि जानेवारी १९६२ मध्ये स्वतःच्या नावानं पहिला शो केला.

ऐन वेळी घरातल्याच माणसानं काम पेलण्याचे असे प्रसंग इतर वस्त्रगृहांतही पुढे आले. २०१० च्या फेब्रुवारीत डिझायनर अलेक्झांडर मॅक्वीन गेले, तेव्हा त्यांचे सोळा अपुरे पोशाख सेरा बर्टन यांनी पुरे केले. त्या १९९६ पासून मॅक्वीन यांच्याच घरात होत्या. २०१५ च्या जानेवारीत गुचीच्या पुरुषांच्या शोला आठवडाभरही उरला नसताना सगळे कपडे नव्यानं करायची जबाबदारी अलेस्सांद्रो मिकेले यांच्यावर आली. तेही २००२ पासून घरातलेच. मालकांना बाहेरचं मोठं नाव आणण्याचा मोह नेहमीच होतो, पण वेळ हातात नसतो तेव्हा कापड, कारागीर आणि त्यांची सवय ओळखणारा माणूसच कामाला येतो.

बोहाँही बाहेरचे नव्हते. ते दिऑरच्याच लंडन शाखेचं काम पाहत होते. जानेवारी १९६१ मध्ये त्यांनी अंगालगतचा सडपातळ पोशाख दाखवला, तोही लोकांनी उचलून धरला, आणि १९८९ पर्यंत ते त्या जागेवर राहिले.