टेबलाच्या कडेला मार्त

पिएर बोनार या फ्रेंच चित्रकाराची आणि माझी पहिली गाठ पुण्यात एका रद्दीच्या दुकानात पडली. तीसएक वर्षं झाली असतील. पाठकोऱ्या कागदांच्या गठ्ठ्याखाली एक जाड पुस्तक सापडलं, घासाघीस करून घेतलं. छपाई वाईट होती. पिवळा शेणकट झालेला आणि जांभळा म्हणजे दौत सांडावी तसा. एका पानावर जेवणाचं टेबल होतं, मागे खिडकी, खिडकीत बाग. घरगुती चित्र आहे, असं म्हणून मी पान उलटलं. दोन वर्षांनी पुन्हा त्याच पानावर आले आणि दचकले. कडेला एक बाई उभी होती. तिला भिंतीने जवळजवळ गिळून टाकलं होतं. ती पहिल्यापासून तिथेच होती, मलाच दिसली नव्हती.

त्या दचकण्यातून लागलेला नाद आजही सुटलेला नाही. ते चित्र म्हणजे १९३४-३५ मधलं ‘बागेकडची जेवणाची खोली’. मूळ चित्र न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात आहे. ती बाई म्हणजे मार्त, बोनारची बायको. तिच्याबद्दल मला बरंच बोलायचं आहे, म्हणून आधीचं भराभर सांगून टाकते.

बोनारचा जन्म ३ ऑक्टोबर १८६७ रोजी पॅरिसजवळ फोंतने-ओ-रोझ इथे झाला. वडिलांच्या आग्रहाने तो कायदा शिकला. पण शॅम्पेनच्या एका जाहिरातीचं त्याचं पोस्टर विकलं गेलं, १८९१ मध्ये ते पॅरिसच्या भिंतींवर झळकलं आणि वकिली कायमची मागे पडली. सेरूझ्ये, मॉरिस देनी, व्ह्युइयार या तरुण मित्रांबरोबर त्याचा ‘नाबी’ नावाचा गट होता. नाबी म्हणजे हिब्रू भाषेत प्रेषित. जपानी छापचित्रांनी हे सगळे भारावले होते. बोनार तर इतका, की मित्र त्याला ‘अगदी जपानी नाबी’ म्हणत. पुढे क्युबिझम आला, दोन महायुद्धं झाली, चित्रकलेत उलथापालथ झाली. हा गृहस्थ मात्र टेबल, खिडकी, टब, कुत्रा आणि मार्त एवढंच रंगवत राहिला.

मार्त त्याला १८९३ मध्ये पॅरिसमध्ये भेटली. तिने नाव सांगितलं मार्त द मेलिन्यी आणि वय सोळा. प्रत्यक्षात ती चोवीस वर्षांची होती, आणि तिचं नाव होतं मारिया बुर्सें. खरं नाव बोनारला १९२५ मध्ये, लग्नाच्या वेळी कळलं असं त्याचे चरित्रकार सांगतात. म्हणजे बत्तीस वर्षं एकत्र राहिल्यावर! ज्या माणसाने एकाच बाईची साडेतीनशेहून अधिक चित्रं केली, त्याला तिचं नाव ठाऊक नव्हतं. मला यात फसवणूक दिसत नाही. घरातल्या माणसाची कागदावरची माहिती आणि प्रत्यक्षातली ओळख या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बोनारला तिची मान किती कललेली असते, कप धरताना कोपर कुठे येतं, हे माहीत होतं. त्याला पुरेसं होतं ते.

१९१२ मध्ये त्याने सेन नदीकाठी व्हेर्नॉने इथे एक छोटं घर घेतलं. मोनेचं जिव्हेर्नी तिथून अगदी जवळ, आणि दोघांचं एकमेकांकडे जाणं-येणं होतं. १९२६ मध्ये दक्षिणेला, कान शहराच्या वरच्या अंगाला ल कान्ने गावात टेकडीवरचं घर घेतलं, त्याचं नाव ‘ल बॉस्के’. म्हणजे झाडांचा छोटा पुंजका. त्याची सगळ्यात मोठी चित्रं या लहानशा घरातून निघाली.

आता त्याच्या कामाच्या पद्धतीबद्दल. इथे रेंगाळल्याशिवाय माझ्याने पुढे जाववत नाही. बोनार टेबलासमोर बसून टेबल रंगवत नसे. खिशातल्या छोट्या रोजनिशीत तो पेन्सिलीने भराभर रेखाटन करी आणि शेजारी त्या दिवसाचं हवामान एका शब्दात टिपून ठेवी: स्वच्छ, पाऊस, ढगाळ. मग वरच्या खोलीत जाई. तिथे ईझल नाही, चौकटीवर ताणलेला कॅनव्हास नाही. कापडाचे मोठे तुकडे सरळ भिंतीला टाचण्यांनी ठोकलेले. तीन-चार चित्रं शेजारी शेजारी चालू. ब्रशला लागलेला नारिंगी या चित्रात दोन ठिकाणी लावला की उरलेला शेजारच्या चित्रात. चित्राची कड कुठे संपणार हे शेवटी ठरायचं, मग कापड कापायचं. समोर भिंतीवर आवडत्या चित्रांची पोस्टकार्डं आणि प्रकाश कसा खेळतो ते बघायला चकचकीत चंदेरी कागदाचे तुकडे.

मी शाळेत चित्रकला शिकवायचे. बोनारची ही पद्धत कळल्यावर आठवीच्या मुलांना एक गृहपाठ दिला: आज घरी काहीही काढायचं नाही, फक्त स्वयंपाकघरात दहा मिनिटं बसायचं. चित्र उद्या वर्गात, आठवणीने. एका मुलाने पीठाचा डबा कट्ट्याएवढा काढला, कारण लाडू त्या डब्यामागे लपवून ठेवतात हे त्याला माहीत होतं. दुसऱ्या मुलीने गॅसची निळी ज्योत आणि त्याखालची फरशीही निळी काढली. आई कुठे आहे, असं विचारलं तर तिने कागदाच्या उजव्या कडेला बोट ठेवलं. तिथे हिरव्या बांगड्या भरलेला अर्धा हात होता, हातात सांडशी. ‘बाई, आई तिथेच असते ना, म्हणून पूर्ण नाही काढली.’ बोनारवर मी इतकं वाचलं, पण त्याच्या चित्रांचं इतकं नेमकं वर्णन मला दुसरीकडे सापडलं नाही.

मार्तही अशीच कडेला ‘तिथेच असते’. खोलीत एकदम शिरल्यावर नजरेला जे पहिल्या झटक्यात जाणवतं, ते आपल्याला दाखवायचं आहे, असं बोनारचं म्हणणं होतं. त्या पहिल्या झटक्यात आपण माणूस बघत नाही. उजेड बघतो, टेबलावरचं लाल बघतो. माणूस नंतर उमटतो, काळोख्या खोलीत डोळे सरावल्यावर वस्तू दिसू लागतात तसा. ग्रनोब्लच्या संग्रहालयात १९३२ मधलं ‘पांढरी खोली’ आहे. दार, रेडिएटर, टेबल, खिडकीबाहेरची झाडं, सगळं नीट दिसतं. टेबलापलीकडे वाकलेली मार्त मात्र जमिनीच्या रंगात इतकी मिसळली आहे, की ती खाली मांजराकडे वाकली आहे हे कळायला वेळ लागतो. टेट संग्रहालयातल्या १९२५ मधल्या ‘खिडकी’त आपण आधी ल कान्नेची लाल छपरं आणि डोंगर पाहतो, टेबलावरचं पुस्तक पाहतो, आणि मग गॅलरीत, डाव्या बाजूला, तिचा बाजूने दिसणारा चेहरा सापडतो.

२०१९ मध्ये लंडनच्या टेट मॉडर्नमध्ये बोनारचं मोठं प्रदर्शन झालं, तेव्हा लेकीकडे गेले होते. तीन वेळा गेले त्या प्रदर्शनाला. तिथे ‘कॉफी’ या १९१५ मधल्या चित्रासमोर मी किती वेळ उभी होते कोण जाणे. लाल-पांढऱ्या चौकड्यांचा टेबलक्लॉथ अर्ध्याहून अधिक चित्र व्यापतो. टेबल आपल्याकडे असं कललेलं, की कपबश्या घसरतील असं वाटावं. पलीकडे मार्त कप ओठाला लावून बसली आहे आणि शेजारी तिचा लाडका कुत्रा, घरातलाच एक माणूस असल्यासारखा. जवळ जाऊन पाहिलं तेव्हा चौकड्यांमधल्या पांढऱ्याचा उलगडा झाला. तो पांढरा नव्हताच. कुठे फिकट जांभळा, कुठे कच्च्या कैरीच्या सालीचा हिरवा, कुठे गुलाबी. चार पावलं मागे सरकलं की हे सगळं मिळून स्वच्छ धुतलेलं कापड होतं. माझ्या रद्दीतल्या पुस्तकाने हेच माझ्यापासून लपवलं होतं. बोनारचे रंग छापखान्यात मरतात. जमेल त्याने मूळ चित्र पाहावंच.

चित्र पूर्ण झालं असं या माणसाला कधी वाटत नसे. पॅरिसच्या लुक्झेंबुर्ग संग्रहालयात स्वतःचं चित्र टांगलेलं असताना त्याने मित्राला, व्ह्युइयारला, रखवालदाराशी गप्पा मारायला लावलं आणि खिशातून रंग काढून चित्र सुधारलं, अशी गोष्ट सांगतात. ‘बागेतल्या तरुणी’ हे चित्र तर त्याने १९२१-२३ मध्ये केलं आणि १९४५-४६ मध्ये पुन्हा हातात घेतलं. मधोमध उन्हात हसणारी सोनेरी केसांची मुलगी म्हणजे रने मोंशाती. बोनारचं तिच्यावर प्रेम होतं. त्याने मार्तशी लग्न केलं, आणि थोड्याच दिवसांत रनेने आत्महत्या केली. मार्त या चित्रातही आहे. खालच्या उजव्या कोपऱ्यात, चौकटीने अर्धी कापलेली, रनेकडे पाहत. वीस वर्षांनी, दोघीही गेल्यावर, म्हाताऱ्या बोनारने रनेभोवतीचा पिवळा आणखी उजळला. मार्तला मात्र कोपऱ्यातून हलवलं नाही, पुसलंही नाही. घरगुती चित्रं म्हणजे गोडगोड चित्रं, असं मानणाऱ्यांनी या कोपऱ्याकडे बघावं.

पिकासोला बोनार मुळीच आवडत नसे. तो ठाम नाही, रंगांत घुटमळतो, अशी त्याची तक्रार होती. १९४७ मध्ये, बोनार गेल्यावर, कलासमीक्षक क्रिस्त्यां झेर्व्होसने आपल्या मासिकात बोनार खरंच मोठा चित्रकार आहे का, असा प्रश्न टाकून लेख लिहिला. हेन्री मातीस चिडला आणि बोनार आजही मोठा आहे व पुढेही राहील, अशी ग्वाही त्याने स्वतःच्या सहीनिशी दिली. माझं मत मातीसच्या बाजूने. घुटमळणं हा दोष कसा? ज्या घरात आपण आयुष्य काढतो तिथे आपली नजर घुटमळतेच.

मार्तची प्रकृती नाजूक होती. तासन् तास पाण्यात पडून राहण्यात तिला आराम वाटे, आणि ‘ल बॉस्के’त टब बसवून घेतलेला होता. ती न्हाणीघराची खोली खरं तर अरुंद आणि साधी, पांढऱ्या टाइल्सची. मी ल कान्नेला गेले तेव्हा घराच्या आत जाता आलं नाही, ते खाजगी मालकीचं आहे. २०११ मध्ये उघडलेलं बोनार संग्रहालय पाहिलं, मग कालव्याच्या कडेच्या वाटेने चालले, जिथे तो रोज सकाळी फिरे. टेकडीवरून ते लहान घर बघताना मनात एकच येत होतं: त्या पांढऱ्या टाइल्समधून त्याने एवढं सोनं कुठून काढलं?

‘टबातली स्त्री आणि लहान कुत्रा’ हे चित्र पिट्सबर्गच्या कार्नेगी संग्रहालयात आहे. भिंती सोनेरी, जांभळ्या, निळ्या. टब फुगलेला, शिंपल्यासारखा. पाण्यात मार्त. जमिनीवर चटईच्या तुकड्यावर तपकिरी कुत्रा, आपल्याकडे बघणारा. १९४१ मध्ये बोनारने हे चित्र सुरू केलं तेव्हा मार्त सत्तरी ओलांडलेली होती, पण चित्रात तिचं अंग तरुण आहे. २६ जानेवारी १९४२ रोजी ती गेली. रोजनिशीच्या त्या दिवसाच्या पानावर हवामानाची नोंद आहे, ‘स्वच्छ’, आणि एक लहानसा क्रूस. त्याने तिची खोली बंद केली. टबाचं चित्र मात्र भिंतीवर टाचलेलंच राहिलं, आणि १९४६ पर्यंत तो त्यावर काम करत राहिला. घरात ती नव्हती आणि वर भिंतीवर ती रोज अंघोळीला बसलेली होती. तो आयुष्यभर आठवणीतूनच रंगवत आला होता, त्यामुळे ती गेल्यावर त्याला हात बदलावा लागला नाही.

त्याचं शेवटचं चित्र मार्तचं नाही. निजायच्या खोलीच्या खिडकीतून दिसणारं, फुललेलं बदामाचं झाड आहे ते. जानेवारी १९४७ मध्ये तो इतका थकला होता की ब्रश उचलवत नव्हता. डाव्या खालच्या कोपऱ्यातली हिरवी जमीन त्याला पटत नव्हती, तिथे पिवळा हवा होता. भाचा शार्ल तेरास याच्या मदतीने त्याने तेवढा तुकडा पिवळा करून घेतला. २३ जानेवारीला तो गेला.

मी ते चित्र पाहिलं तेव्हा फुलांकडे नंतर पाहिलं. आधी डावा कोपरा शोधला. कडेला बघायची सवय त्यानेच तर लावली आहे.