रिठ्याचे फळ : कच्चेपणापासून परिपक्वतेपर्यंत

रिठ्याचा वृक्ष कोकणात, सह्याद्रीच्या उतारावर आणि देशावरील अनेक गावांच्या शिवारात आढळतो. केस धुण्यासाठी, रेशमी व लोकरी वस्त्रांसाठी आणि सोनाराच्या दुकानात दागिने उजळण्यासाठी त्याच्या फळाचा उपयोग पूर्वापार होत आला आहे. या वृक्षाचे शास्त्रीय नाव ‘सॅपिंडस’ असे असून, ‘भारतीय साबण’ या अर्थाच्या लॅटिन शब्दांपासून ते बनले आहे. आपल्याकडील दक्षिणी जातीचे फळ बहुधा तीन कप्प्यांचे असते. हिमालयाच्या पायथ्याकडील जातीची फळे सुटी व गोल असतात.

रिठ्याला फेस कशामुळे येतो?

फेस आणणारे द्रव्य फळाच्या टरफलात व गरात असते. त्यास सॅपोनिन म्हणतात. सॅपोनिनच्या रेणूचे दोन भाग असतात. एक भाग तेलकट पदार्थाशी जवळीक करणारा, तर दुसरा शर्करांच्या साखळीचा व पाण्यात सहज मिसळणारा असतो. या दुहेरी स्वभावामुळे पाण्याचा पृष्ठताण कमी होतो, फेस येतो आणि मळ सुटतो. साबणाचा चुनखडीच्या पाण्यात साका होतो. रिठ्याचा तसा होत नाही. शिवाय साबणासारखा अल्कलीचा दाह नसल्याने लोकर व रेशीम यांस तो मानवतो.

फळाची वाढ

दक्षिणी रिठा साधारणपणे ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये फुलतो व त्याची फळे फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये तयार होतात. या अवधीत फळात अनेक रासायनिक फेरफार घडून येतात.

प्रारंभी फळ मऊ लवीने आच्छादलेले असते. त्यात पाण्याचे प्रमाण पुष्कळ असून बीचे कवच फिकट व कोवळे आणि मगज पातळ असतो. पानांत तयार झालेली शर्करा फळाकडे वाहून येते. तिच्यापासूनच फळाच्या पेशी, गरातील शर्करा, सॅपोनिन आणि पुढे मगजातील तेल व प्रथिने तयार होतात. पक्व होताना हरितद्रव्य नाहीसे होऊन फळ प्रथम पिवळसर व नंतर तांबूस तपकिरी दिसू लागते. पाणी घटते, गर चिकट होतो, टरफलावर सुरकुत्या पडतात. त्याच वेळी बीचे कवच काळे व टणक बनते आणि मगज घट्ट होऊन तेलाने भरतो.

फेस म्हणजे परिपक्वता नव्हे

येथे एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावयास हवी. सॅपोनिन हे कीड व बुरशी यांपासून फळाचे रक्षण करणारे द्रव्य असल्याने ते हिरव्या फळातही असते. म्हणून हिरवे फळ चोळले तरी फेस येतो. या फेसावर विसंबून व दुसऱ्या कोणी आधी तोडून नेईल या भीतीने पुष्कळदा फळे कच्चीच उतरविली जातात. त्यात दुहेरी तोटा होतो. पाण्याचा अंश अधिक असल्याने वाळल्यावर माल वजनात फार घटतो व आक्रसून काळवंडतो. आणि बी अपुरे भरलेले असल्याने रोपांसाठीही उपयोगी पडत नाही. एका हंगामाचा पैसा तर जातोच, पण पुढच्या वृक्षाचे बीजही वाया जाते.

याची खात्री गावातच करून घेता येईल. हिरवी व पक्व फळे प्रत्येकी 1 किलो घेऊन वेगवेगळी वाळवावी व पुन्हा वजन करावे. नंतर दोहोंची टरफले प्रत्येकी 2 ग्रॅम घेऊन 200 मिलिलिटर पाण्यात रात्रभर भिजत घालावी. दोन्ही पाणी सारख्या बाटल्यांत सारखेच भरून सारखेच हलवावे आणि 10 मिनिटांनी उरलेल्या फेसाची उंची पाहावी. ग्रामसेवकांनी हा प्रयोग सभेत सर्वांसमक्ष करून दाखविल्यास त्याचा परिणाम अधिक होईल.

तोडणी, वाळवण व साठवण

फळ तपकिरी होऊन सुरकुतले व बी काळे झाले, म्हणजे तोडणी करावी. झाडाखाली कापड अंथरून बांबूने हलकेच फळे पाडावी. फांद्या तोडू नयेत. फळे उन्हात पातळ थर देऊन वाळवावी व वरचेवर परतावी. फळ हलविल्यावर आतील बी खुळखुळू लागले, की ते वाळले असे समजावे.

गरातील शर्करा हवेतील ओलावा शोषून घेते. त्यामुळे पावसाळ्यात उघडा माल चिकटतो व त्यास बुरशी येते. बुरशीतील एन्झाइमे सॅपोनिनच्या शर्करा तोडू शकतात; तसे झाल्यास फेस कमी होतो. म्हणून माल घट्ट झाकणाच्या डब्यात, जमिनीपासून उंच व कोरड्या जागी ठेवावा.

सॅपोनिन माशांच्या कल्ल्यांस अपायकारक असते. सबब रिठ्याचे पाणी तळ्यात वा ओढ्यात सोडू नये. भुकटी करताना नाकातोंडास कापड बांधावे व डोळे जपावे.

टरफलापासून वेगळे केलेले काळे, भरदार बी फेकून न देता पेरणीसाठी राखावे. त्याच्या टणक कवचातून पाणी लवकर शिरत नाही, म्हणून पेरण्यापूर्वी एक दिवस ते भिजत घालावे. बांधावर आज लावलेले रोप फळावर येण्यास अनेक वर्षे लागतात. परंतु थोडा धीर धरून पक्व फळ उतरविणाऱ्या शेतकऱ्याच्या पदरी चांगला माल आणि चांगले बी अशी दोन्ही फळे पडतात.